शत्रूच्या भाषेत बोलणारा मुलगा

यूट्यूबवर इराण-इराक युद्धाचे एक्सप्लेनर शोधलेत तर साधारण एकाच साच्यातले व्हिडिओ मिळतात. काळ्या पार्श्वभूमीवर पश्चिम आशियाचा नकाशा, शियांना हिरवा रंग, सुन्नींना दुसरा कुठलातरी, मागे ढोल आणि एक भारदस्त आवाज. हे भांडण चौदाशे वर्षं जुनं आहे, असं तो आवाज सांगतो. दहा-बारा मिनिटांत युद्ध संपतं. बघणाऱ्यालाही बरं वाटतं. जे चौदाशे वर्षं चालू आहे त्याबद्दल आपण डबा खाता खाता काय करणार?

अडचण एवढीच की इराकमध्येही बहुसंख्य लोक शियाच आहेत. सद्दाम हुसेन आणि त्याच्या भोवतालचं वर्तुळ मुख्यतः सुन्नी अरबांचं होतं, पण खंदकात बसलेले इराकी शिपाई बहुतांश शिया होते. समोरून येणारे इराणीही शिया. दोन्हीकडच्या शिपायांच्या आया एकाच हुसेनसाठी मोहरममध्ये रडत होत्या, आणि तो हुसेन ज्या करबलात मारला गेला ते करबला इराकमध्ये आहे. अरब बाथ पक्षाचं राज्य असलेला सीरिया या युद्धात अरब इराकच्या नाही, तर इराणच्या बाजूने होता. इस्रायलने इराणला शस्त्रं पुरवली. नकाशावरचे दोन रंग इथेच एकमेकांत मिसळतात.

मग हे युद्ध कशामुळे झालं? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर एक्सप्लेनरमध्ये मिळालं नाही, एका कॉमिकमध्ये आणि एका चित्रपटात मिळालं. कॉमिक म्हणजे मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’. ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल, निदान इन्स्टावर त्याची पानं तरी पाहिली असतील. चित्रपट म्हणजे बहराम बेझाईचा ‘बाशू, घरीबे-ए-कूचक’, म्हणजे छोटा परका बाशू. तो फार कमी जणांनी पाहिलाय. म्हणून हा लेख त्याच्याकडे जास्त झुकलेला आहे.

आधी नदी. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या इराकमध्ये कुर्ना या गावी मिळतात. तिथून आखातापर्यंत साधारण दोनशे किलोमीटर जी नदी वाहते तिला अरब शत्त अल-अरब म्हणतात, इराणी अरवंद रूद म्हणतात. तिचा खालचा भाग म्हणजे दोन देशांची सीमा. आता नदी सीमा असेल तर रेष नेमकी कुठे काढायची? काठावर की मध्ये? काठावर काढली तर सगळी नदी एकाची. मध्ये काढली, म्हणजे सगळ्यात खोल प्रवाहाच्या रेषेवर (जहाजं तिथूनच जातात), तर दोघांची. 1937 च्या तहाने बहुतेक नदी इराककडे गेली होती. 1975 मध्ये अल्जियर्समध्ये इराणच्या शाहने आणि तेव्हा इराकचा क्रमांक दोनचा नेता असलेल्या सद्दामने करार केला की रेष खोल प्रवाहावरून जाईल. बदल्यात शाहने इराकी कुर्दांच्या बंडाला मदत करणं थांबवलं, आणि ते बंड काही आठवड्यांत कोसळलं. दोन शेजाऱ्यांनी तिसऱ्याच्या घराची किंमत मोजून आपलं भांडण मिटवलं. 1988 मध्ये हलब्जा या कुर्द शहरावर सद्दामने विषारी वायू टाकला, त्याआधीची ही एक पायरी नकाशावाल्या व्हिडिओंत सहसा नसते.

मग 1979 मध्ये इराणात क्रांती झाली. शाह गेला, खोमेनी आला. खोमेनी 1965 पासून 1978 पर्यंत इराकमधल्या नजफमध्येच हद्दपारीत राहिला होता आणि सद्दामच्या राजवटीनेच त्याला तिथून घालवलं होतं. आता तो इराकी जनतेला उठाव करायला सांगत होता. एप्रिल 1980 मध्ये सद्दामने नजफचे मोठे शिया धर्मगुरू मुहम्मद बाकिर अल-सद्र यांना ठार मारलं. इराणचं सैन्य क्रांतीनंतर खिळखिळं झालेलं, अधिकारी तुरुंगात नाहीतर परागंदा, अमेरिकेच्या वकिलातीतले लोक ओलीस धरल्यामुळे जगात मित्र नाही. 17 सप्टेंबरला सद्दामने अल्जियर्स करार रद्द केल्याचं जाहीर केलं, 22 सप्टेंबरला हल्ला केला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की नंतर एक डॉक्युमेंट भरावं लागतं, त्यात ‘रूट कॉज’ असा एक रकाना असतो. रकाना एकच असल्यामुळे लोक एकच ओळ लिहितात. खरं तर बहुतेक वेळा तीन-चार गोष्टी असतात. त्यातली प्रत्येक एकेकटी वर्षानुवर्षं निवांत पडून असते आणि एका रात्री त्या सगळ्या एकत्र येतात. नदी होती, खुझेस्तानचं तेल होतं, क्रांतीची भीती होती, शेजारी दुबळा दिसत होता. यातलं धर्म कुठलं? क्रांतीची भीती हे त्याचं उत्तर, पण ती सद्दामला वाटत होती ती आपल्या खुर्चीसाठी. शेजारच्या देशातल्या भाविकांना एकमेकांचा राग होता असं त्यातून निघत नाही.

‘पर्सेपोलिस’मधली मार्जी युद्ध सुरू होतं तेव्हा दहा वर्षांची असते. तेहरानवर इराकी विमानं येतात तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया धार्मिक नसते, राष्ट्रवादी असते. अरबांनी चौदाशे वर्षांपूर्वी हल्ला केला होता, आता पुन्हा केला. म्हणजे एक्सप्लेनरमधला तो भारदस्त आवाजच, फक्त दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून. गंमत म्हणजे सीमेपलीकडे सद्दामही हेच सांगत होता. सातव्या शतकात कादिसियाच्या लढाईत अरबांनी सासानी पर्शियाचा पराभव केला होता आणि सद्दामने आपल्या युद्धाला ‘सद्दामची कादिसिया’ असंच नाव दिलं. दोन शत्रू एकच इतिहासाचं पुस्तक वाचत होते, फक्त टाळ्या वेगवेगळ्या पानांवर वाजवत होते.

सत्रापी मार्जीला या नशेत फार काळ राहू देत नाही. वर्गातल्या एका मुलीचा बाप वैमानिक असतो, तो मरतो. मार्जी तिला म्हणते की तुझा बाप वीर होता. त्या मुलीला वीर बाप नको असतो, तुरुंगात का होईना पण जिवंत बाप हवा असतो. दोन-तीन चौकटींत हा प्रसंग संपतो. मोठ्यांच्या पुस्तकात याला एक प्रकरण लागलं असतं.

पण पुस्तकातला माझ्या मते सर्वांत टोकदार भाग किल्लीचा आहे. घरात काम करणाऱ्या बाईच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लास्टिकची किल्ली दिली जाते. युद्धात मेलास तर ही स्वर्गाची किल्ली. त्याच प्रकरणाच्या शेवटी एका पानावर दोनच चौकटी. वर, गळ्यात किल्ल्या असलेली मुलं सुरुंगांच्या शेतात उडतायत, नुसत्या काळ्या आकृत्या. खाली, मार्जी तिच्या पहिल्या पार्टीत नाचतेय, अंगात भोकंभोकं असलेला पंक स्वेटर. नाचणाऱ्यांचे हात-पाय आणि उडणाऱ्यांचे हात-पाय सारख्याच कोनांत आहेत. धर्म इथे आहे, आणि तो युद्ध सुरू करायला वापरलेला नाही, चालू ठेवायला माणसं कमी पडू नयेत म्हणून वापरलेला आहे. शिवाय ही किल्ली मार्जीच्या वर्गातल्या मुलांना मिळत नाही, कामवालीच्या मुलाला मिळते, हेही ते पान सांगतं. एका काळ्या-पांढऱ्या पानात धर्म आणि वर्ग दोन्ही.

याला तारखांचाही आधार आहे. ऑक्टोबर 1980 मध्ये इराकने घेतलेलं खुर्रमशहर इराणने 24 मे 1982 ला परत मिळवलं. इराकी सैन्य जवळजवळ बाहेर गेलं होतं, तडजोडीची बोलणी हवेत होती. तिथे थांबता आलं असतं. जुलै 1982 मध्ये इराणने उलट बसराच्या दिशेने हल्ला केला, आणि त्या मोहिमेचं नाव होतं ‘रमजान’. पुढच्या मोहिमांच्या नावांत ‘करबला’ पुन्हा पुन्हा येतं. जेरुसलेमचा रस्ता करबलावरून जातो, अशी घोषणा होती. युद्ध आणखी सहा वर्षं चाललं. म्हणजे पहिली दोन वर्षं मुख्यतः सद्दामच्या हिशेबाची आणि पुढची सहा मुख्यतः खोमेनीच्या श्रद्धेची, असं मी तरी वाचते. सत्रापीच्या पुस्तकात हे वळण स्पष्ट दिसतं. तहाची संधी नाकारली गेल्याचं ती सांगते, आणि नेमक्या त्याच प्रकरणात मार्जी आपली पहिली सिगारेट ओढते.

असं असूनही ‘पर्सेपोलिस’बद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. या पुस्तकात इराकी माणसाला चेहरा नाही. तो विमान आहे, क्षेपणास्त्र आहे, रेडिओवरची बातमी आहे. तेहरानच्या मुलीला तो तसाच दिसणार हे मान्य. पण पुस्तकाचं नावच इस्लामपूर्व पर्शियाच्या राजधानीचं आहे आणि प्रस्तावनेत पुरातन, सतत आक्रमणं झेललेल्या संस्कृतीचा अभिमान आहे. धर्मसत्तेला नकार देताना सत्रापी वंशाच्या त्या जुन्या गोष्टीला हलकेच हात धरून सोबत घेते. मुल्ला नकोत, पण अरब म्हणजे आक्रमक हे राहू दे. मग इराणमधल्या अरबांचं काय?

ते पुस्तकात एकदा जवळ येऊन जातं. आबादानवर हल्ला झाल्यावर मार्जीच्या आईची मैत्रीण कुटुंबासह तेहरानला आश्रयाला येते. सुपरमार्केटमध्ये दोन बायका या दक्षिणेकडून आलेल्या निर्वासितांबद्दल घाणेरडं बोलतात, मैत्रीण ऐकते. देशासाठी घर गमावलेल्या बाईला देशाच्या राजधानीत हे ऐकायला मिळतं. सत्रापी तिथे थांबत नाही, पुढे जाते. बेझाई जवळजवळ तिथूनच सुरू करतो.

बाशू दहा वर्षांच्या आसपासचा मुलगा, खुझेस्तानचा. बॉम्बहल्ल्यात आई-बाप डोळ्यांसमोर जातात. तो एका ट्रकमध्ये लपतो, झोपतो आणि जागा होतो तेव्हा ट्रक देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅस्पियनकाठच्या गीलान प्रांतात असतो. सगळं हिरवं, भाताची खाचरं, पाऊस. तेवढ्यात रस्त्याच्या कामासाठी सुरुंग फुटतात, आणि युद्धापासून शेकडो किलोमीटर लांब आलेला मुलगा युद्धच मागे लागलंय असं समजून पळत सुटतो. नाई नावाची शेतकरी बाई त्याला आपल्या शेतात सापडते. सुसन तस्लिमीने केलेली ही नाई मी पाहिलेल्या सर्वोत्तम भूमिकांपैकी एक आहे. ती पडद्यावर पहिल्यांदा येते तेव्हा खालून उठते, पांढऱ्या रुमालाने तोंड झाकलेलं, फक्त डोळे, आणि ते थेट कॅमेऱ्यात. ती पक्ष्यांशी पक्ष्यांच्या आवाजात बोलते. तिचा नवरा कामाच्या शोधात बाहेरगावी आहे, दोन मुलं, शेत आणि रानडुकरं तिच्या अंगावर आहेत.

आता खरी गोष्ट. नाई गीलकी बोलते, बाशू अरबी बोलतो. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. आणि बाशूची भाषा म्हणजे त्याच्या आई-बापांना मारणाऱ्या सैन्याची भाषा. सद्दाम खुझेस्तानला ‘अरबिस्तान’ म्हणायचा, तिथले अरब आपलं स्वागत करतील असा त्याचा हिशेब होता. ते फारसं झालं नाही. खोमेनीचा हिशेब होता की इराकचे शिया आपल्या बाजूने उठतील. तेही फारसं झालं नाही. दोन्ही राजधान्यांनी माणसं भाषेवरून आणि पंथावरून मोजली होती, दोघांचीही बेरीज चुकली. बाशू म्हणजे त्या चुकलेल्या बेरजेतला उरलेला आकडा. शत्रूसारखा बोलणारा आपला मुलगा. गावकऱ्यांना त्याच्या कातडीचा रंग आधी दिसतो. काळा, कुठून आला, चोर असेल. नाईसुद्धा निर्दोष नाही. ती त्याला पाण्यात बसवून साबणाने घासते, गोरा होतो का पाहते, होत नाही तेव्हा चकित होते. बेझाई हे हसतखेळत दाखवतो, म्हणूनच ते जास्त टोचतं. प्रेमळ माणसाच्या हातातही तो साबण असू शकतो.

मग तो प्रसंग. गावातली मुलं बाशूला चिडवतात, मारामारी होते आणि बाशूच्या हातात शाळेचं पुस्तक येतं. तो ते मोठ्याने वाचू लागतो. पुस्तकी, कडक इस्त्रीची फारसी. आपला देश इराण आहे, आपण सगळे त्याची मुलं, अशा अर्थाचा धडा. मुलं थक्क होतात. याला आपली भाषा येते! गंमत अशी की ती त्यांचीही घरची भाषा नाही. त्यांची गीलकी, याची अरबी, आणि दोघांना जोडणारी भाषा दोघांच्याही घरात बोलली जात नाही.

माझी आजी सावंतवाडीकडची, मालवणी बोलणारी. तिने शाळेतल्या मराठीचं वर्णन ‘पुस्तकातली’ असं एकाच शब्दात केलं होतं, त्यात आदर होता आणि अंतरही होतं. त्यामुळे या प्रसंगात मला आधी हसू आलं आणि मग जरा अस्वस्थ वाटलं. बहुतेक समीक्षक या प्रसंगाला राष्ट्रीय ऐक्याचा क्षण म्हणतात. मला तो इतका सरळ वाटत नाही. जे राज्य हे पुस्तक छापतं तेच युद्ध चालवतं. धड्यात सगळे एका देशाची मुलं असतात आणि प्रत्यक्षात काळ्या मुलाला गावात कोणी ठेवून घ्यायला तयार नसतं. पुस्तकाने ओळख होते, घर मात्र मिळत नाही. ते नाई देते, आणि तिला तर लिहिता-वाचताही येत नाही. नवऱ्याला पत्र लिहायचं तर ती बाशूला सांगते आणि तो लिहितो. म्हणजे या मुलाला ठेवून घेण्याबद्दलचं पत्र त्याच मुलाच्या अक्षरात जातं. ती आजारी पडते तेव्हा तो आपल्या दक्षिणेकडच्या रीतीने ताल धरून वाजवत राहतो. तेव्हा दोघांमध्ये फारसी नसते.

फारसी ऐकताना मराठी माणसाच्या कानाला मध्येच काहीतरी ओळखीचं लागतं, हेही सांगायला हवं. जमीन, शहर, सरहद्द, फौज हे शब्द आपल्याकडे तिथूनच आले. इराणच्या क्रांतिरक्षक दलाच्या नावातला ‘सिपाह’ आणि आपल्या ऑफिसातला शिपाई एकाच घरचे. सीमा आणि सैन्य यांसाठीचे आपले इतके शब्द एकाच दिशेने यावेत याची मला मौज वाटते. त्यापुढे त्यावर काही सिद्धांत मांडणार नाही.

शेवटी नवरा परत येतो, एक हात नसलेला. त्याला हा मुलगा नको असतो, पण हात नसलेल्या माणसाला शेतात हात हवेच असतात. बाशू सांगतो की तुझा हात मी होईन, अशा अर्थाचं काहीतरी त्या भेटीत घडतं, आणि लगेच रानडुक्कर आल्याची हाकाटी होते. सगळे मिळून ओरडत शेतात धावतात. सबंध चित्रपटात शत्रूचा एकही सैनिक पडद्यावर येत नाही. ‘पर्सेपोलिस’मध्येही येत नाही, पण तिथे त्याची जागा रिकामी वाटते. इथे ती जागा बाशूने भरलेली आहे. इराकी सैनिकाची भाषा बोलणारा चेहरा नव्वद मिनिटांहून जास्त वेळ आपण बघत असतो आणि चित्रपट संपेपर्यंत तो आपला झालेला असतो. हा बेझाईचा डाव सत्रापीच्या पुस्तकात नाही.

हा डाव तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनाही कळला असावा. युद्ध ऐन भरात असताना, मुलांच्या बौद्धिक विकासासाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने, ‘कानून’ने, हा चित्रपट काढला. काढला, पण दाखवला नाही. तो प्रेक्षकांसमोर आला 1989 मध्ये. तोपर्यंत ऑगस्ट 1988 चा युद्धविराम होऊन गेला होता. दोन्हीकडचे मिळून मेलेल्यांचे आकडे पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगितले जातात. सीमा जवळपास होती तिथेच राहिली. ऑगस्ट 1990 मध्ये, कुवेत गिळल्यावर आणि अमेरिका अंगावर येताना दिसल्यावर, सद्दामने इराणला कळवलं की 1975 ची रेष त्याला मान्य आहे. खोल प्रवाहावरची तीच रेष.

‘बाशू’ इंग्रजी सबटायटल्ससह मिळाला तर एक करा. सबटायटल्समध्ये गीलकी, अरबी आणि फारसी तिन्हींची एकच गुळगुळीत इंग्रजी होते, आणि नाई-बाशू एकमेकांना समजत नाहीत हे आपल्याला समजेनासं होतं. पहिल्यांदा पाहाल तेव्हा ती चालू ठेवा. दुसऱ्यांदा, मुलगा पुस्तक हातात घेतो त्या जागेपासून पुढची पाच मिनिटं ती बंद करून नुसतं ऐका. कुठली भाषा कधी सुरू होते ते कानाला कळतं.